रुजूच झाली नाही

सोमवार, ३
आले बाई एकदाची! नवीन शहर, नवीन ऑफिस, पाचव्या मजल्यावर खिडकीजवळचं टेबल. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो, पण खिडकी ती खिडकी. पद क्रमांक ४११७, म्हणजे अस्मादिक.

कंपनी अकरा देशांत पसरलेली. माणसांची माहिती काही कपाटात, काही जुनाट कॉम्प्युटरवर आणि उरलेली हजेरीवाल्या काकांच्या डोक्यात. ती सगळी उचलून क्लाउडवरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये नीट लावायची, एवढंच माझं काम. काका तीस वर्षं हजेरी सांभाळतायत. म्हणाले, बघा हं, तुमचा ढग बरसला तर आमची माणसं वाहून जायची. स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. स्वागताला जाड चष्म्याची एक गोड मुलगी आहे. तिने मला किल्ली दिली, चालू असलेली लिफ्ट कोणती ते सांगितलं आणि विणत असलेला हिरवा स्वेटर दाखवला. एक बाही दुसरीपेक्षा चांगली वीतभर लांब होती.

ही वही ताईची भेट. जगाचं सगळं ढगात ठेवतेस, स्वतःचं तरी कागदावर ठेव, कागदाचं पुसलं जात नाही, म्हणाली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि ताई पंधराची. तिने शाळा सोडली आणि मला वाढवलं. अक्षरही तिनेच गिरवून घेतलं, म्हणून आमचं अक्षर सारखंच, गिचमिड. अभ्यास तपासून झाला की पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण करायची, शेपूट लांब ओढून. मला अजून भिंगरी म्हणते. रोज सकाळी आठला तिचा फोन असतो, खाल्लंस का विचारायला. नाही म्हटलं की अर्धा तास गेलाच!

बुधवार, ५
सॉफ्टवेअरच्या दोन प्रती असतात. टेस्टची खोटी, तिथे हवा तो गोंधळ घालावा. लाइव्ह ती खरी. दोन्ही दिसायला जुळ्या, फक्त टेस्टला वर पिवळी पट्टी असते. नव्या कामाची बोहनी मी ताईच्या नोंदीने करते, दरवेळी. तिचा हात लागला की काम अडत नाही, असं आपलं माझं वेड. नोंदीला पद लागतं, म्हणून माझंच पद देते; माझी स्वतःची नोंद अजून चढायची असते, तोवर ते रिकामंच. आजही ताईला ४११७ वर रुजू केलं. काय रुबाबात दिसत होतं तिचं नाव! शाळा सुटली नसती तर खरंच अशा खुर्चीत बसली असती.

गुरुवार, ६
कपाळ माझं! काल पिवळी पट्टी नव्हतीच. ताईला मी लाइव्हमध्ये रुजू करून ठेवलं होतं. साहेबांच्या नजरेला पडण्याआधी काढायला गेले, तर कारण द्यावं लागतं. यादीत राजीनामा, निवृत्ती, मृत्यू आणि ‘रुजूच झाली नाही’. ताईच्या नावापुढे मृत्यू? जीभ झडो. बरं झालं, नव्या माणसाला शेवटचंच उघडतं; तेच निवडलं. त्याने नोंद मुळापासून जाते, माणूस कधी आलंच नव्हतं असं. चष्मेवालीच्या दोन नोंदी होत्या, माहेरच्या नावाची आणि सासरच्या. त्यातली जुनी त्याच कारणाने काढली. मग ४११७ वर माझी स्वतःची नोंद चढवली. पंधरा मिनिटांत काम फत्ते, कोणाला पत्ता नाही.

शुक्रवार, ७
आठला फोन आला नाही. कामात असेल म्हणून सोडून दिलं.

स्वागताच्या टेबलामागे कोणी नव्हतं. खुर्चीच्या जागी एक कुंडी होती. काकांना विचारलं, ती आजारी आहे का? कोण ती, म्हणाले. इथे कधी कोणी नव्हतं, कुंडीच असते. मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. कुंडीमागे हिरव्या लोकरीचा एक धागा सापडला. तो ड्रॉवरमध्ये ठेवला आहे.

शनिवार, ८
ताईचा नंबर फोनमध्ये नाही. पुसला जाईल कसा? माझ्याच हातून? पाठ आहे म्हणून लावला, तर अस्तित्वात नाही म्हणे.

बाबांना फोन केला. ताई कुठे आहे? बाबा म्हणाले, कोणाची ताई गं? बरं नाही का तुला? मी म्हटलं, बाबा, मला वाढवलं कोणी? तर म्हणाले, मीच की, तू एकुलती एक. त्यांच्या आवाजात काळजी होती. खोटं बोलणारा माणूस असा बोलत नाही.

मी खूप रडले. मीच केलं हे. माझ्या या हातांनी.

सोमवार, १०
सकाळपासून एकच उद्योग. काढलेली नोंद कचऱ्याच्या कप्प्यात पाच दिवस राहते, मग कायमची जाते. ताईची मुदत उद्या पाच वाजता.

‘परत रुजू करा’ असं बटण आहे. चष्मेवालीवर दाबलं. पद अस्तित्वात नाही. शुक्रवारी मीच रद्द केलंय; जुनीबरोबर तिची नवी नोंदही गेली होती, पद रिकामं दिसलं म्हणून. तिला आता कुठे बसवू? माफ कर गं बाई मला.

ताईवर दाबलं. उत्तर आलं: पद ४११७ भरलेलं आहे. जुनी नोंद जुन्याच पदावर परतते, दुसरं देता येत नाही. एका पदावर एकच माणूस.

पद रिकामं करायचं तर मला काढावं लागेल. मी आठवड्यापूर्वीच आले. पहिल्या पंधरवड्यात काढायला यादीत एकच कारण उघडतं —

ते कारण मला माहीत आहे.

मंगळवार, ११
सकाळी ताईचा चेहरा आठवेना. डोळे मिटले, पुन्हा पुन्हा — नाहीच. आवाजही नाही.

दुपार. पहिलं पान वाचलं. आई गेली, शाळा सोडली, भिंगरी. दुसऱ्या कोणाचं वाचतेय असं वाटतं. मला बहीण होती, असं मला मुळीच वाटत नाही. बाबा म्हणतात तेच खरं वाटतं. गप्प बसावं. पाच वाजतील, संपेल. कोणाला कळणार?

साडेचार. पण अक्षर माझं आहे. आणि हे अक्षर मला कोणीतरी गिरवून दिलंय. बाबांचं अक्षर असं नाही.

चार छप्पन्न. भीती वाटते. खूप.

वही ड्रॉवरमध्ये ठेवते, धाग्याजवळ. कागदाचं पुसलं जात नाही, तूच म्हणालीस ना —

आधी माझं. मग तिचं. ताई, खाल्लंस का गं तू? मी कधी विचा

बुधवार, १२
आज रुजू झाले! या वयात नवी नोकरी, शोभतं का मला? पण टेबल खिडकीजवळ आहे आणि हजेरीवाले काका गमतीदार आहेत. पद क्रमांक ४११७.

ड्रॉवरमध्ये ही वही होती. आधी कोण बसायचं विचारलं, तर काका म्हणाले, कोणीच नाही, जागा नवीनच आहे. अक्षर मात्र हुबेहूब माझं, गिचमिड. दुसऱ्याचं वाचू नये, पण वाचलं, सगळं. कोण वेडी पोर ही? मला बहीणबिहीण नाही. मी एकटीच. आई गेल्यावर घरात मी आणि बाबा.

मग आज सकाळी आठला फोन हातात घेऊन मी कोणाला लावणार होते?

वाचता वाचता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण करत आलेय. शेपूट लांब ओढून. कशाला, कोण जाणे. भिंगरी — मोठ्याने म्हणून पाहिलं. भिंगरी. हे तोंडात बसलेलं नाव आहे. चार वर्षांची, दाराशी बसून, माझी वाट बघत, तिचे केस मी —