वरचे अकरा दात, जसेच्या तसे

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. (माझ्या गुडघ्यांची अवस्था पाहता तो आता फक्त कागदावरच घडू शकतो, तेव्हा घडला असं समजावं.) तुमची कंबर कशी आहे? सूनबाई जेवणात मीठ कमी घालते ही तुमची तक्रार मागच्या पत्रातून कळली. ती घालते ते बरोबर आहे, एवढंच लिहून पुढे जाते.

माझी तब्येत उत्तम आहे. हे वाक्य मी गेल्या आठवड्यात लिहू शकले नसते. गेल्या आठवड्यात तुमच्या जावईबापूंनी माझे वरचे अकरा दात काढायची तारीख दिली होती. शुक्रवार, सकाळी दहा. आज शनिवार आहे आणि सगळे अकरा माझ्या तोंडात आहेत. आत्ताच जिभेने मोजले.

झालं ते सगळं सांगते, कारण तुमच्या कानावर ते लेकीकडून अर्धंमुर्धं आलंच असणार. महिनाभर माझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि वरचा एक दात जरा हलत होता. मी काय केलं? आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे काहीच केलं नाही. दुखत नाही ना, मग दाखवायचं कशाला? दाताच्या डॉक्टरकडे न दुखता जाणं ही आपल्याकडे उधळपट्टीच समजली जाते. पण तुमची लेक आली, तिने मला चपातीच्या कडा सोडून मऊ भाग तेवढा खाताना पाहिलं आणि हाताला धरून नवऱ्याच्या दवाखान्यात नेलं.

त्या दवाखान्याबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. तिथे मासे पाळलेत. भिंतभर काचेची पेटी, आत आठ मासे, आणि आठांचीही तोंडं सतत उघडी. (बाहेर बसलेल्या पेशंटना सराव व्हावा म्हणून असेल.) एवढी थंडी सोडलेली की माझे दात आपोआप वाजून स्वतःची हजेरी देत होते. काउंटरवरच्या मुलीने आधी मोठा एक्स-रे काढावा लागेल म्हणून सांगितलं आणि त्याचा आकडाही सांगितला. आकडा मी इथे लिहीत नाही, तुमच्या कंबरेला तो सोसायचा नाही. मी म्हटलं, माझ्याकडे आहे एक्स-रे. घरी गेले, कपाटातलं तपकिरी पाकीट काढलं, धूळ झटकली आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. किती जुना, असं विचारलं तेव्हा “अलीकडचाच” असं म्हटलं. (कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर वरून बघत असतील तर त्यांनी हे वाक्य वगळून वाचावं.)

जावईबापूंनी एक्स-रे दिव्यावर लावला. एक्स-रे ते पाच मिनिटं बघत होते, माझ्या तोंडात अर्धं मिनिट. मग खुर्ची ओढून जवळ बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मामी, वरच्या दातांचं हाडच राहिलेलं नाही. अकरा दात काढावे लागतील. मग कवळी, नाहीतर स्क्रू घालून पक्के दात.” स्क्रूच्या दातांचा आकडा ऐकून माझी दातखीळ बसली. नाहीतर तिथेच दोन शब्द सुनावले असते.

वन्सं, तुम्हाला माहीत आहे, मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. माझं रूप कोणी पाहिलं नाही, फक्त आवाज ऐकला. त्या आवाजाने मी मंत्र्यांना थांबवून ठेवलंय आणि भांडणाऱ्या नवरा-बायकोंची लाइन तोडलीय. आता निवृत्तीत माझ्याकडे दुसरं काय आहे? तुमच्या भावाला कवळी बसली तेव्हा ते बोलताना शिट्टी वाजायची हे तुम्ही विसरला नसाल. ते बिचारे शेवटी बोलायचेच कमी झाले. मी आरशासमोर उभी राहिले, ओठ आत ओढून बोलून पाहिलं आणि स्पष्ट सांगते, रडले. मग रागावले. रडण्यापेक्षा ते मला बरं जमतं.

खालच्या मजल्यावर बस चालवणारा राहतो, तो मला जिन्यात भेटला. माझं तोंड बघून त्याने विचारलं, मीही सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, एवढ्याशाने काय घाबरता? आमच्या डेपोत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दाताची डॉक्टर येते. फुकट बघते. पण ते फक्त आमच्या स्टाफला आणि घरच्यांना आहे. तुम्ही माझ्या सासूबाई म्हणून चला.” मी म्हटलं, खोटं बोलायचं? तो म्हणाला, “तोंडात आरसा घातल्यावर कुठं बोलायचंय तुम्हाला?”

हा युक्तिवाद सिस्टरांनाही पटला असता. मी रविवारी दिवसभर सासू होण्याची तयारी केली. त्याच्या बायकोचं माहेरचं आडनाव, तिच्या भावंडांची संख्या, धाकटीचं लग्न कुठे झालं, सगळं पाठ. सोमवारी सकाळी आम्ही डेपोत गेलो. बसगाड्या धुवायच्या हौदामागे कंडक्टर लोकांची विश्रांतीची खोली आहे, तिथे रांग होती. गाड्या झाडणाऱ्या दोघी, गालाला रुमाल बांधलेला चहावाला, एक कंडक्टर आणि त्याची तीन पोरं. टेबलापाशी नाव लिहिणारा कारकून. त्याने ड्रायव्हरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वही चार पानं मागे उलटली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “सासूबाई गेल्या महिन्यात येऊन गेल्या की रे! तुला सासवा किती?”

खोली हसली. माझा ड्रायव्हर जावई बुटाच्या नाडीत गुंतला. मी एकतीस वर्षांचा आवाज काढून खरं काय ते सांगून टाकलं: मी याची कोणी नाही, शेजारीण आहे, खोटं बोलायला आले होते, आता जाते. त्यावर कारकून म्हणाला, “जाता कुठं आजी? इथं कोणीही येऊ शकतं. तीन वर्षं झाली. पाटी लावलीय की.” पाटी कुठे? तर वर्कशॉपमध्ये, ज्या खड्ड्यात उतरून मेकॅनिक गाडीचं पोट बघतो त्या खड्ड्याच्या भिंतीवर. म्हणजे ती वाचायची तर आधी बसखाली जावं लागतं! तीन वर्षं हा दवाखाना अख्ख्या वस्तीला खुला आहे आणि वस्तीतल्या कोणाला पत्ता नाही. वन्सं, दात ओठ खाणं म्हणजे काय ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. बरं, ते दातही अजून माझेच होते.

दाताची खुर्ची म्हणजे भंगारात निघालेल्या बसची ड्रायव्हरची सीट. मेकॅनिकने ती लोखंडी पायावर बसवून मागे कलेल अशी केलीय, आणि वरून एक हेडलाइट. हत्यारं मात्र उकळून, वाफवून, पाकिटात बंद. (मी विचारून खात्री करून घेतली.) डॉक्टर सरकारी इस्पितळातली, ठेंगणी, भरभर बोलणारी. स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी येते. तिने एक्स-रे हेडलाइटसमोर धरला, मग माझं तोंड उघडायला लावलं आणि दात एकेक करून मोजले. पुन्हा मोजले. मग म्हणाली, “आजी, खालची डावी दाढ तुमच्या तोंडात आहे, एक्स-रेत नाही. दाढ काही परत उगवत नाही. हा एक्स-रे कोणाचा आहे?”

पाकिटावर फक्त आडनाव होतं. आणि आडनाव मला तुमच्या भावाकडूनच मिळालेलं. नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघंही एकाच दिवशी एक्स-रे काढायला गेलो होतो, माझी अक्कलदाढ आणि त्यांचं सगळंच दुखत होतं म्हणून. कपाटात पाकिटं दोन होती. मी त्यांचं उचललं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, वन्सं, आणि त्यांचे दात घेऊन मी गावभर फिरत होते.

डॉक्टर एक्स-रे बघत राहिली. म्हणाली, “यांना आधी कोणी दाखवायला नेलं नाही का? दहा वर्षं आधी नुसते साफ करून घेतले असते तर यातले बरेचसे वाचले असते.” मला आठवत होतं, ते गालात लवंग धरून बसायचे आणि मीच म्हणायचे, दुखणं थांबलं ना, मग डॉक्टरला कशाला पैसे द्यायचे. मी म्हणायचे, वन्सं. तुम्हीही म्हणायच्या.

माझ्या दातांवर किटण साचलं होतं, दगडासारखं. ते तिने पाऊण तास बसून काढलं. एक छोटी कीड होती, ती भरली. हलणारा दात हिरडी सुधारली की बहुतेक घट्ट होईल, नाही झाला तरी तो एकटाच जाईल, बाकीच्यांना घेऊन नाही. मग तिने मला ब्रश कसा करायचा ते शिकवलं. साठ वर्षं मी दात कढईसारखे घासत होते म्हणे! माझ्या मागे गाडी झाडणारी बाई बसली. तिला डॉक्टरने विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, “काही नाही बाई. मागच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं, काही होत नसताना या.” असं वाक्य माझ्या उभ्या आयुष्यात मी ऐकलं नव्हतं. कॉन्व्हेंटात शिकलेली मी, आणि दाताची अक्कल झाडूवालीला!

घरी येऊन आधी जावईबापूंना फोन केला. चूक माझीच, हे पहिल्यांदा सांगितलं. मग दात मोजायला किती वेळ लागतो ते विचारलं. पलीकडे ड्रिलची घरघर थांबली. मग म्हणाले, “मामी, तोंडात नीट बघायला हवं होतं मी.” माणूस चांगला आहे. मासे मात्र जास्त आहेत.

काल रात्री मी भाजलेले शेंगदाणे खाल्ले. पुढच्या दातांनी नव्हे, अजून हिंमत नाही, पण खाल्ले. सूनबाईला आशीर्वाद, नातवंडांना रोज दोनदा घासायला लावा, हळू हाताने.

तुमची,
वहिनी

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. त्या डॉक्टरची या महिनाअखेर दुसऱ्या गावी बदली होतेय. पुढच्या महिन्यापासून बसची ती सीट रिकामी, आणि ती झाडणारी बाई काही होत नसताना जाणार कुठे? जावईबापूंनी महिन्यातली एक सकाळ दिली तर सगळं चालू राहील. मी सांगून उपयोग नाही, मी पेशंट. तुम्ही सासू आहात. तेव्हा जरा त्यांचं मन विचारून बघावं.

ता. क. दुसरा: वर “मन विचारून बघावं” लिहिलं ते शिष्टाचार म्हणून. पाटी मी कालच नव्याने लिहिली, सिस्टरांनी शिकवलेल्या वळणदार अक्षरात, जावईबापूंच्या नावासकट. या वेळी सहा बसथांब्यांवर लावलीय. संध्याकाळपर्यंत चोवीस जणांनी माझ्याकडे नाव नोंदवलं. पहिलं नाव तुमच्या लेकीचं आहे. तिची दाढ दोन महिने ठणकतेय आणि नवऱ्याच्या दवाखान्यात तिचा नंबर लागत नाही.