थट्टा विहिरीवर पोहोचली

नंदुरबार, फेब्रुवारी १९३७

चि. शोभास,

तुला आणि कोरीटच्या सगळ्या बायांना लिहितो आहे. आजवर तुमचं मत कुणी विचारलं नाही. आता कायद्यानं विचारलं, तर मीच आडवा आलो.

परवा तुमच्याकडच्या निवडणुकीच्या सभेत दोन तास बोललो. मध्येच हसवायला म्हणालो, "मत द्यायला गेलात की साहेब धन्याचं नाव विचारील, उखाणा तयार ठेवा!" आज तुमच्या विहिरीवर धनुबाई म्हणाली, "तठे धनीनं नाव लेनं पडस. लिधं का वरीसमा कुकू पुसाई जास." हे कुणी सांगितलं, असं मी विचारलं तर तू म्हणालीस, "तूच ना, भाऊ!"

नाव घेतलं की वर्षात नवरा जातो, हे मी सांगितलं? मी थक्क झालो. दोन तासांतलं काहीच उरलं नाही, पण एका थट्टेला दोन दिवसांत मरण चिकटलं, कारण तुम्हाला नवऱ्याचा जीव मोलाचा. एवढी ताकद माझ्या कुठल्या भाषणात नव्हती.

हे पत्र तुला दाजीच वाचून दाखवणार. त्यांच्या मरणाचे शब्द त्यांच्याच तोंडी घालायला, इतकी पुस्तकं वाचलेला मी, धजत नाही. म्हणून हे पत्र पाठवत नाही. उद्या सकाळी स्वतः येऊन सांगतो.

धन्याचं नाव मतदारांच्या यादीत आधीच आहे, कारकूनच ते वाचेल. तू नुसती मान हलव, आणि मत टाकून ये.

तुझा चुकलेला भाऊ,
बन्सीलाल