आरशाची पट्टी

आरमारी गोदी
७ ऑक्टोबर १९५१

सौ. बायडाबाईस आकारामचा गोदीतनं आशीर्वाद.

मी खुशाल हाय. आबांचा खोकला कमी झाला का? म्हस व्याली का?

गोदीला लागून इंग्रजांच्या वक्ताचा अधिकाऱ्यांचा बंगला हाय. दुरुस्ती हुईपातूर साहेब बायकापोरांसकट दुसरीकडं गेल्यात, आणि आम्हा गवंड्यांना तिथंच ऱ्हायला दिलंय. खाली सागवानी फळ्या, खिडकीतनं जहाजं दिसत्यात. गडमुडशिंगीत असं घर कुणाचं न्हाय.

माझ्या हातरुणाशेजारच्या भिंतीला चीर हाय. चिरीवर आम्ही काचेची पट्टी चिकटवतो. भिंत हलली की काच फुटती. तीन फुटल्या. मुकादम म्हणतो, काच हलकी असंल, दुसरी लाव. काच संपली, म्हणून काल तू दिलेल्या आरशाचीच पट्टी कापून लावली. रागावू नको.

दिवाळीला पोरांना घेऊन येणार हुतीस, ते ऱ्हाऊ दे. हितं वारं लई. मीच येतो की.

आज सकाळी त्या पट्टीत तोंड बघितलं. दोन दिसली, मधी चीर.

आबांना हे वाचून दाखवू नको.

आकाराम