निळ्या पेनाचा गोल

आर्वी, मंगळवार संध्याकाळ

उद्याच्या पेपरसाठी सात वाजता लेख पाठवायचा आहे आणि मी वारलेल्या दादाची दवाखान्याची फाईल उघडून बसलोय. लेख हृदयाच्या दोन आजारांवर. एकात हृदयाचा स्नायू ताठरतो, दुसऱ्यात त्यावरचं आवरण. धाप, पायांवरची सूज सारखीच. डॉक्टर दुपारी फोनवर म्हणाले, रक्ताच्या तपासणीतला एक आकडा स्नायूच्या आजारात खूप वाढतो, आवरणाच्या आजारात फारसा नाही. म्हणून धाप आणि सूज असून आकडा कमी आला तर आवरणासाठी पुढे तपासायचंच. आवरण ऑपरेशनने काढता येतं, माणूस वाचू शकतो.

दादाचा आकडा कमीच होता. त्याभोवती निळ्या पेनाने गोल मी केला होता. आकडा कमी म्हणजे रिपोर्ट चांगला, असं वहिनींना सांगून पेढे आणले, आणि नागपूरला दाखवायचं राहून गेलं. नुसत्या आकड्यावरून ठरत नाही, हेही डॉक्टर म्हणाले. पण तो गोल.

"भाऊजी, चहा गार होऊन राह्यला," वहिनी म्हणाल्या. "कशावर लिहिलं?"

"हृदयावर."

"मंग तुमच्या दादानं नेहमीसारखं लाल पेन घेऊन चुका काढल्या असत्या."

कमी आकड्याचं वाक्य खोडावं का? कुणाच्या तरी दादाच्या ते कामी येईल. ठेवलं. लेख गेला.

सकाळी पेपर आधी वहिनीच उघडतात.