पाठीला ऊब

२६ डिसेंबर
निघाले! आई दारात. "एकटीनं, एवढ्या थंडीत, मोटरसायकलवर? डोकं ठिकाणावर आहे का?" नाहीये, आई. ढोल्या तापानं गेला त्या उन्हाळ्यापासून नाहीये. दर हिवाळ्याची आमची सफर ही — मी पुढे, तो मागे. पाठचा भाऊ, आणि बसायचाही पाठीलाच चिकटून! त्याच्या त्या पोटामुळे माझी पाठ कधी गारठली नाही.

फिटरनं नवं जाकीट गाडीला जोडून दिलं. बॅटरीची वायर लावली की आतून तापतं. "आणि ताई, गारठून गारठून एकदम बरं वाटायला लागलं ना, की तिथल्या तिथे थांबायचं. ते बरं वाटणं खोटं." मी हसले.

२७ डिसेंबर
जाकीट झकास. मांड्या तेवढ्या गारठल्या. उद्या पँटच्या आत वर्तमानपत्र. मागची सीट रिकामी.

२९ डिसेंबर
घाटात वायर निसटली. हुडहुडी भरली, बोटं लाकडासारखी, क्लच दाबवेना. आणि मग पाठ उबदार झाली. फक्त पाठ! रुंद, ओळखीची ऊब. वळणावर गाडी कलली तसं मागचं वजनही कललं — जरा उशिरा. ढोल्या नेहमी उशिराच कलायचा, किती शिव्या खाल्ल्यात त्यानं त्यापायी! रडू आवरेना. हेल्मेटची काच आतून धुरकट झाली.

फिटरचं बोलणं आठवलं. नाही थांबले.

३० डिसेंबर
वायर नीट जोडली. दिवसभर मस्त गरम. तो आला नाही.

३१ डिसेंबर
वायर मुद्दाम काढली. आला!

१ जानेवारी
स्वेटर पिशवीत, मफलर पिशवीत. लॉजची मालकीणबाई मला बघून ओरडलीच, "अहो, ओठ निळे पडलेत तुमचे! मरायचंय का?" गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसवलं तिनं मला. मरायचं नाहीये हो बाई, भावाला भेटायचंय. दोन्हीतला फरक मला अजून कळतोय ना? कळतोय, बहुतेक.

आईचा फोन. "अंगात काय काय घातलंयस?" सगळं, म्हटलं.

२ जानेवारी
उद्या वरची खिंड. जाकीट न घालता जाणार. तिथे तो जास्त वेळ थांबेल. भीती वाटतेय. तरी जाणारच.

३ जानेवारी
आला. पण ऊब नव्हती! पाठीला नुसता बर्फ, आणि कानामागे दातांचा कडकडाट. माझी तर केव्हाच दातखीळ बसली होती. कुडकुडत होता तो — मी अशी उघडी, म्हणून!

गाडी बाजूला घेतली. जाकीट चढवलं, वायर जोडली, निघाले. हळूहळू मागचं कुडकुडणं थांबलं. खांद्यावर डोकं टेकलं, झोपेनं जड झालेलं. घाट उतरले तेव्हा ते नव्हतं.

जाकीट काढलं नाही.