फरशीवरची झोप

१४ एप्रिल
प्रशांत अकोल्याहून आला आणि न विचारता हॉलच्या भिंतीवर पांढरा डबा ठोकून गेला. माणूस जमिनीवर पडला की पोराच्या मोबाइलवर घंटा वाजते म्हणे. कॅमेरा नाही, नुसती हालचाल कळते. वर मनगटाला पट्टा, नाडी मोजायला. ‘आई, तुह्याच जिवासाठी आहे.’ माझ्या जिवासाठी! त्याला सुखाने झोप लागावी म्हणून, हे कोण बोलणार. आणि पुन्हा तेच पालुपद: नाहीतर अमरावतीचं घर बंद कर, अकोल्याला चल. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर मी काय करू, लिफ्टशी गप्पा?

१५ एप्रिल
ऊन मरणाचं. दुपारी जेवून नेहमीसारखी कूलरसमोर उघड्या फरशीवर आडवी झाले. इथे सगळे असेच झोपतात. डोळा लागतो न लागतो तोच दार धाडकन... शेजारचा गजानन कडी तोडून आत. मागे त्याची बायको शोभा, भाजीची टोपली तशीच टाकून. ‘काकू! प्रशांतभाऊचा फोन आला, तुमी पडल्या म्हणे!’ माझा फोन स्वयंपाकघरात वाजत होता, कूलरच्या आवाजात कुठलं ऐकू येतं. अर्धी गल्ली दारात. मी पदर सावरत उठले.
प्र.ला चांगलं झापलं. ‘उन्हाळ्यात फरशीवर नाही झोपू तं काय पलंगावर भाजून घेऊ?’ म्हणतो, कंपनीवाल्यांना हे माहीत नसेल. ज्यांना वऱ्हाडातला उन्हाळा माहीत नाही ते माझी राखण करणार!

१८ एप्रिल
भांडून घंटा बंद करवली. प्र.ने तिथूनच मोबाइलवरून बंद केली. पट्टा कपाटात फेकला, घामाने पुरळ उठतं. ‘आता काही झालं तं मी ऐकणार नाही, सरळ अकोल्याले घेऊन येतो.’ पोटच्या पोराची धमकी! सुतार येतो म्हणाला, आला नाही. कडी लोंबतेय.

२३ एप्रिल
थोडक्यात लिहिते, हात दुखतो. कूलरमध्ये बादलीने पाणी ओतताना सांडलं, त्यातच पाय सरकला. खुब्यावर आपटले. उठता येईना. ओरडून घसा बसला. डबा समोरच, हिरवा दिवा लुकलुकतोय. त्याच्या लेखी म्हातारी झोपलीय. असा संताप आला, त्याचा की माझा स्वतःचा, कोण जाणे. शेवटी शोभा अंबाडीची भाजी द्यायला आली. हाक मारली, दार ढकललं. कडी तुटलेलीच होती. तिनेच उचलून बसवलं.
‘प्रशांतभाऊले सांगू का, काकू?’
‘सांगून तं पाह्य!’ मी दटावलं.

२४ एप्रिल
गजाननने ऑटोने डॉक्टरकडे नेलं. हाड शाबूत, खुबा काळानिळा. सुतार आज उगवला. मीच परत पाठवला.
संध्याकाळी प्र.चा फोन. ‘जेवली का?’ ‘हो.’ घंटा परत चालू कर, एवढंच सांगायचं होतं. तोंडाशी येऊन गेलं. पण तो कारण विचारणारच, ‘कावून?’