ताप नाई, खोकला नाई

१२ एप्रिल २०२१
आमचा बुडा आजबी मागावर बसला नाई. दहा वाजले तरी भिताडाकडं तोंड. मी सकाळपासून सुताच्या कांड्या भरून टोपली भरवली, न हा राजा चादर काढत नाई. मोहाडीचा बजार बंद हाये, म्हनून हातबी बंद? आळशी कुठचा. आता तर निमित्तच भेटलं.

१५ एप्रिल
आशाताई आली. कपाळावर बंदूक धरली, बोटाले चिमटा लावला. "काकाजी ठणठणीत! ताप नाई, खोकला नाई." वहीत खूण केली, गेली. आठ दिवसांपासून आंघोळ नाई, तेची खूण कोन्या रकान्यात करते बाई? बोलली नाई मी. लाज आपल्याच घरची.

१९ एप्रिल
नागपूरहून नितीनचा व्हिडिओ फोन. "बाबा, टेन्शन नोका घेऊ. योगा करा." मोठा आला ज्ञान सांगनारा. बुडा हसून म्हनते, "मजेत हाओ." फोन ठेवला का परत भिताड. लेकासाठी तोंड हाये, मायासाठी नाई. ढोंगी!

२३ एप्रिल
भोजरामजीची बायको दारापासून लांब उभी राह्यली. तोंडाले पदर. चाळीस वर्सं भोजरामजीचा न आमच्या बुड्याचा माग शेजारी. मागच्या महिन्यात भोजरामजी भंडाऱ्याच्या दवाखान्यात करोनानं गेले, शेवटचं तोंडबी पाहाले भेटलं नाई. तिनं त्यांच्या मागाचा धोटा आनला, "तुमीच ठेवा." बुड्यानं घेतला, छातीशी धरला. बाई रडत गेली.
मायं डोकं फिरलं. "दोन शब्द बोलता येत नाई? मरन आलं काय तुमाले?"
"येत नाई न," म्हनते.
मी भांडे घासाले गेली. एकच भाताचा गंज किती वेळ घासून राह्यली, काय मालूम.

२४ एप्रिल
डॉक्टरले फोन केला. ताप? नाई. दम लागते? नाई. "मग बरे हायेत, आराम करू द्या." सांगतलं, मरन येत नाई म्हनते. तर म्हने, "या वयात होते असं."
बाप्पा बाप्पा, काय शिकले हे लोक! मायं वयबी तेच हाये, मले नाई झालं.
परसातल्या विहिरीवर पत्रा ओढला, वरून दगडी पाटा ठेवला. एकटीनं. कंबर गेली. भेव लागते मले, लिहूनच टाकते.

२७ एप्रिल
तीन दिवस झाले, बुडा दोन घास खाते न ताट सरकवते. आज बारा वाजता दोघांचे ताटं वाढले, तेच्या खाटेजवळ खालीच बसली.
"तुमी जेवाल तवा मी जेवीन. मी सकाळी शुगरची गोळी घेतली हाये, वरून जेवली नाई तर काय होते, मालूम हाये न?"
"जेव वो. कायले नाटक करतं."
"नाटक तुमचं."
दीड वाजला. घाम सुटला. हात थरथरून राह्यले, अक्षर वाकडं येऊन राह्यलं. बुडा उठून बसला, भिताडाकडं पाठ करून. ताटाकडं नाई पाहत, माया हाताकडं पाहून राह्यला.
पाहा म्हना. मी उठत नाई.